शेजारचा तास

घरत, कावळा लगेच शिवला.

तुझ्या थोरल्या भावानं पिंड ठेवला, दोन पावलं मागे सरला, आणि गाढी नदीच्या काठावरच्या पिंपळातून एक कावळा उतरून घास घेऊन गेलासुद्धा. ताटकळायची तयारी करून आलेले लोक एकदम मोकळे झाले. कुणीतरी म्हणालं, "सर तृप्त गेले. मागं काय पन ठेवलं नाय." वहिनींनी, तुझ्या बायकोनं, हात जोडले. आणि मी, ओढणी डोक्यावर घेऊन घाटाच्या पायरीवर उभी असलेली शमीम मुकादम, तुझ्यावर अशी भडकले की विचारू नकोस. मागे काही ठेवलं नाही? तुझा तास बंद पडलाय, पोलिसांकडची तक्रार तशीच लोंबकळतेय, माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलेलं नाहीस, आणि कावळ्याला म्हणे वाटसुद्धा बघावी लागली नाही. निदान थोडा वेळ तरी त्याला फांदीवर बसवून ठेवायचंस. लोकांनी तुझ्या नावानं काय काय कबूल केलं असतं ते तरी ऐकायला मिळालं असतं.

तुझ्या नात्यातल्या एक बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "तुमाला ह्यातला समाजतंय का?" समजतं म्हटलं. पिंड कशाचे करतात, कावळा आलाच नाही तर दर्भाचा कसा करतात, सुतक कुणाला किती, सगळं समजतं. त्या बघतच राहिल्या. आता त्यांना काय सांगू, की तुमच्या दिनकरनं भर वर्गात माझ्याकडून हे वदवून घेतलं होतं म्हणून.

आपल्या विभागात आपण दोघंच. तत्त्वज्ञान विभाग म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि कुरकुरणारा पंखा. मी तर्कशास्त्र शिकवायचे आणि तू शेवटच्या वर्षाला धर्मांचा अभ्यास. कलिन्याला एम. ए. करताना आपली ओळख झाली, तेव्हापासून मी तुला घरत म्हणते आणि तू मला शमीम. मुलांसमोर तेवढं सर आणि मॅडम. सुरुवातीची वर्षं तू पुस्तकातून शिकवलंस. मग मुलांनाच बोलायला उभं केलंस, तर प्रत्येकजण आपापल्या धर्माबद्दल असं बोलायचा, की जणू मुलीचं स्थळ सांगतोय. दोष नाही, डाग नाही, सगळं कसं गोड. एक दिवस तू चिडून विभागात आलास, खडू टेबलावर आपटलास आणि म्हणालास, "ह्यांना स्वतःच्या धर्मावर बोलू देणं बंद."

आणि खरंच बंद केलंस. तुझा नियम साधा होता. आपल्या धर्मावर कुणी बोलायचं नाही, शेजारच्याच्या धर्मावर बोलायचं, आणि तेही लांबून नाही. त्या घरचं मूल होऊन बोलायचं. आमच्याकडे असं करतात, आई अशी म्हणते, अमुक दिवशी आम्हाला कंटाळा येतो. ज्याचं घर असेल तो पहिल्या बाकावर बसणार आणि शेवटी सांगणार, "हो, हे आमचं घर आहे," किंवा "नाही, परत ये." पहिल्या बाकावरून होकार आल्याशिवाय तू गुण द्यायचा नाहीस. मुलांनी ह्याला 'शेजार' असं नाव पाडलं. कँटीनमध्ये पोरं एकमेकांना विचारायची, "तुझा शेजार कुठला?" मग मोहल्ल्यातली मुलगी बौद्ध वाडीत दुपार काढायची, गुजराती दुकानदाराचा मुलगा चर्चच्या मागच्या बाकावर जाऊन बसायचा. तळोज्याच्या कारखान्यात बापाची शिफ्ट आहे म्हणून तिकडे राहायला आलेला एक शीख मुलगा होता. त्यानं उभा केलेला आगऱ्यांच्या घरातला गणपती मी जन्मात विसरणार नाही. गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो हे त्यानं सांगितलं तेव्हा पुण्याहून बदलून आलेल्या कुलकर्ण्यांची मुलगी जागेवरून उठलीच. "मटण? गौरीला?" आणि पहिल्या बाकावरचा भोईरांचा मुलगा मान डोलावत म्हणाला, "हो, हे आमचं घर आहे. ये यंदा जेवायला."

मलाही तू सोडलं नाहीस. मुलांना दाखवायला म्हणून मला तुझ्या घरचं एक मरण उभं करायला लावलंस आणि पहिल्या बाकावर आणून बसवलंस थेट तुझ्या आईला. मी महिनाभर तयारी केली होती. तर्कशास्त्राची बाई मी, सगळं क्रमवार मांडलं. संपल्यावर आईंनी मला जवळ बोलावलं. मग म्हणाल्या, "सगला बराबर हाय गो बाय. पन तू रडली कुठं?" वर्ग हसला, तूही हसलास, आणि मला परत जावं लागलं. दुसऱ्या वेळी मी तुझ्या वडिलांबद्दल बोलले, त्यांना शेवटी भात जाईना तेव्हा तुम्ही कालवण पाजत होता त्याबद्दल. आईंनी पदर डोळ्याला लावून होकार दिला.

माझे अब्बा गेले तेव्हा तू कब्रस्तानात आलास. आमच्यातले काही लांबचे नातेवाईक तुझ्याकडे बघत होते, हा कोण म्हणून. तू पायातलं काढलंस, पुढे झालास, तीन मुठी माती घातलीस आणि हात न झटकता मागे येऊन उभा राहिलास. तुला कुणी काही सांगावं लागलं नाही. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस जे शिकवतो ते खरंच शिकवण्यासारखं आहे. हे मी तुला बोलून दाखवलं नव्हतं, आज दाखवते.

मग तो धर्मांतराचा कायदा आला. तू तो छापून आणलास, पेन्सिलीनं रेघा मारत वाचलास आणि मला म्हणालास, "हे बघ, फसवून किंवा जबरदस्तीनं कुणाचा धर्म बदलू नये असं आहे. शिकवू नये असं कुठं आहे?" मी म्हटलं, "कायदा तू वाचतोस. बाकीचे त्याचं फक्त नाव ऐकतात, आणि तेवढंच पुरतं." तू म्हणालास मी उगाच बाऊ करते. प्राचार्यांनीही तुला बोलावून समजावलं होतं, की सर, हेतूबद्दल शंका नाही, पण दिवस कसले आहेत ते बघा, धर्माबद्दल शिकवा, मुलांना दुसऱ्याच्या धर्मात उभं कशाला करता? तू त्यांचा चहा प्यायलास आणि तडक वर्गावर गेलास.

त्या वर्षी अश्विनीला रोज्यांचा शेजार आला होता. पळस्प्याच्या अलीकडच्या गावातली पोर, बोलकी, नकला करणारी. तिनं पहाटेची सेहरी अशी उभी केली! अलार्म वाजतो, अम्मी हलवून उठवते, घास गिळत नाही, भीतीनं तांब्याभर पाणी पोटात जातं आणि अजान झाली रे झाली की अम्मी हातातला चहाचा कप काढून घेते. पहिल्या बाकावरची सना हसून हसून लाल झाली होती. "हो, हे आमचंच घर आहे, कप पण आमचाच!" कुणीतरी कौतुकानं मोबाइलवर ते घेतलं आणि स्टेटसला ठेवलं. तिथून ते कुठं कुठं फिरलं देव जाणे. परत आलं तेव्हा सनाचं हसणं कापलेलं होतं आणि वर लिहिलं होतं, पनवेलच्या कॉलेजात हिंदू मुलींना काय शिकवतात ते बघा.

तक्रार झाली. पोलिसांनी बोलावलं तेव्हा मी तुझ्याबरोबर आले होते. साहेब तसा सभ्य होता. त्यानं व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, "सर, ही मुलगी मुसलमान होणार आहे का?" आणि तू, माझ्या बाबा, तू गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "नाही साहेब, सोमवारी ती जैन होणार आहे. पुढच्या आठवड्यात तिला शीख व्हायचंय." साहेबांच्या मागचा हवालदार फिसकन हसला. साहेब हसला नाही, पण चिडलाही नाही. जबाब घेतला आणि म्हणाला, बघू, वरून काय सांगतात. बाहेर आल्यावर तू खुशीत होतास. मी मात्र पाय आपटत रिक्षात जाऊन बसले.

तुला तास बंद करायला ना कायद्यानं लावलं, ना प्राचार्यांनी. ते केलं अश्विनीच्या बाबांनी. ते विभागात आले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "सर, तुमच्यावर माजा राग नाय. तुमी आमच्यातलंच हाव. पन पोरीचं लगीन ठरतंय. गावात लोकं इचारतात, पोर कुनाच्या नादाला लागली काय. तुमी तास घेताव तवर ह्यो व्हिडिओ मरनार नाय." तू त्यांना एका शब्दानं उलट बोलला नाहीस. ते गेले आणि तू कपाटातून काहीतरी शोधायला लागलास, काय ते तुलाही माहीत नसावं. दुसऱ्या दिवशी तू प्राचार्यांना सांगितलंस की ह्या सत्रात मी तो पेपर घेत नाही. कॉलेजात लोक म्हणाले, घरत सरांनी शेपूट घातली. तू तेही ऐकून घेतलंस. अश्विनीला तरीही घरी बसवलं ते बसवलंच.

आणि मग तुझं माझ्यामागे लागणं सुरू झालं. आपण पळस्पे फाट्यावर चहाला थांबलो होतो, गोव्याकडे वळणाऱ्या गाड्यांच्या आवाजात तू ओरडून बोलत होतास. "तू घे तास. तक्रार माझ्या नावानं आहे, तुझ्या नाही."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? माझं नाव एकदा मोठ्यानं वाच."

"नावामुळे तू घेऊ शकत नाहीस असं असेल, तर मी इतकी वर्षं काय शिकवलं?"

"तू घरतांच्या घरात जन्मलास हे शिकवलंस. तू साहेबासमोर विनोद केलास, हवालदार हसला. तोच विनोद माझ्या तोंडून निघाला असता तर त्याचा कट झाला असता. हे खरं आहे की नाही, एवढंच सांग."

तू सांगितलं नाहीस. टपरीवाल्याला म्हणालास, "अजून दोन दे." मी माझा कप न पिता ठेवला आणि रिक्षा केली. त्यानंतर आपण भेटलो, पेपर तपासले, पंख्यावरून भांडलो, पण ह्या विषयावर बोललो नाही. मग सुट्टी लागली. आणि सुट्टीत एका सकाळी तुझ्या भावाचा फोन आला. हृदय, म्हणाला. दवाखान्यात पोचायच्या आतच.

घरत, मला तुझा राग येतो. वाद अर्धा टाकून उठायची सवय माझी होती, तुझी नव्हती. तुझं उत्तर काय असणार होतं ते मी इतके दिवस शोधतेय. अंघोळ करताना शोधते, भाकरी थापताना शोधते. कधी वाटतं तू म्हणाला असतास, "खरं आहे, शमीम, माझ्याकडे ह्याला उत्तर नाही." तेवढं म्हणाला असतास तरी चाललं असतं.

तुझ्या जाण्यानंतर प्राचार्यांनी मला बोलावलं. भला माणूस आहे, नजर मात्र टेबलावर. म्हणाले, "मॅडम, तुम्ही घेत असाल तर पेपर ठेवतो, नाहीतर बंद करावा लागेल. कसा घ्यायचा ते तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही, पण उद्या काही झालं तर मागे उभाही राहू शकणार नाही. आधीच सांगतो." निदान खरं बोलले. घरी सांगितलं तर माझा धाकटा भाऊ, बाजारात ज्याचं पंख्यांचं दुकान आहे तो, जेवता जेवता थांबला. "आपा, तू लॉजिकच शिकव ना. लॉजिकवरून आजपर्यंत कुठं दंगा झालाय? घरात पोरं आहेत आपल्या. खाली-पिली मुसीबत कशाला?" त्याचं चुकत नव्हतं. मी नाही म्हणून सांगायचं ठरवलं होतं. दहाव्याला आले ते मनात नकार घेऊनच आले होते, हे तुला कळावं.

विधी आटपल्यावर लोक पांगायला लागले तेव्हा अश्विनीचे बाबा माझ्याकडे आले. डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"मॅडम, जूनपासून पोरीला परत पाठवू काय?"

मी विचारलं, लग्नाचं काय झालं?

"लगीन व्हईल तवा व्हईल. पोर घरात कुनाशी बोलतच नाय. जेवते आन् भिंतीकडे बघत बसते. आता माजंच मन मला खातंय. सर मला फाट्यावर भेटलं व्हतं. बोललं, काळजी नको करू, तास आता मॅडम घेनार हायत. मी बोललो, बाईमानूस हायत, मॅडम घेनार असल तं पाठवतो."

"हे कधी बोलले सर?"

"सुट्टी लागायच्या वक्ताला."

म्हणजे मी कप ठेवून निघून गेले त्याच्यानंतर. मी तोंडावर नाही म्हटल्यावर तू गावभर सांगत सुटलास की मॅडम घेणार. तुझी ही जुनी खोड. वर्गातही कुणी शेजार घ्यायला नाही म्हणालं की तू फळ्यावर त्याचं नाव लिहून मोकळा व्हायचास. मी त्या माणसाकडे बघत राहिले. "ते सर बोलले असतील, मी बोलले नाही," हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तोंडातून निघालं ते, "पाठवा."

आज सकाळी वहिनींकडे गेले होते. आई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. वहिनींनी चहा केला आणि मी त्यांना सांगितलं की मी तास घेतेय. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्या रडायला लागल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, सांभाळून हो. ह्यांनी फार घेतलं होतं मनावर. दारात गाडी थांबली तरी खिडकीशी जाऊन बघायचे. जेवण तुटलं होतं. पोलिसांकडून आले त्या दिवशी हात इतके थरथरत होते की शर्टाची बटणं मी काढली."

मी म्हटलं, अहो, तिथं तर विनोद करत होता तो.

"तुमच्यासमोर करायचे. मला म्हणाले होते, शमीमला ह्यातलं काही सांगू नकोस. तिला वाटतं मी भीत नाही. कुणीतरी भीत नाही असं तिला वाटलेलं बरं."

घरत, अरे, गाढवा. माझा प्रश्न होता तिथंच आहे. माझ्या नावाला जे भोगावं लागेल ते तुझ्या नावाला भोगावं लागलं नसतं, आणि हे तू मेलास म्हणून बदललेलं नाही. पण मला वाटत होतं की तुझ्या नावामुळे तुला भीतीच वाटत नाही. मी नाही म्हणत होते ते त्या निर्धास्त माणसाला. त्याची जागा घ्यायची माझी ताकद नव्हती. तुझी बटणंसुद्धा दुसऱ्यानं काढावी लागली, हे तू मला एकदा फाट्यावर ओरडून सांगितलं असतंस, तर मी तो दुसरा कप पिऊन, शिव्या देत का होईना, तेव्हाच हो म्हटलं असतं. तुझ्याशी इतके दिवस इतकं भांडले, तुझ्या नावावरून, कायद्यावरून, विनोदावरून. मला भीती वाटते असं मात्र एकदाही म्हणाले नाही. तूही म्हणाला नाहीस. दोन भित्री माणसं एका पंख्याखाली समोरासमोर बसून एकमेकांना धीट समजत राहिलो.

सोमवारी पहिला तास आहे. अश्विनी येणार आहे. मला फार भीती वाटते रे.